इस्त्रीवरचे बोंबील

गेटवरच्या पोराने बॅगेला हात घातला आणि मायाने ती झटकन मागे ओढली.

"आत खायचं काही?"

त्याच्या मागे ही भलीमोठी पाटी – बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.

"छे! कपडे आहेत."

त्याने बॅगेकडे पाहिलं. मग तिच्याकडे... आणि जरा जास्तच वेळ पाहिलं. शर्टावरच्या पट्टीवर नाव होतं, सम्यक. "जा मॅडम," तो म्हणाला. इतक्या सहज? मायाला काही ते पटलं नाही.

कपडे होतेच हो बॅगेत! पण त्यांच्याखाली भाकऱ्या, ठेचा, चहा-साखर आणि सुके बोंबील. "तिथे चहा चाळीस रुपयाला! तेवढ्यात अंबरनाथला अख्ख्या चाळीला पाजते मी," आई म्हणजे इंदुबाई कडाडल्या होत्या. बाबांना, दौलतरावांना, कंपनीत पंचवीस वर्षं झाली म्हणून साहेबांनी चामटोलीच्या या रिसॉर्टात दोन दिवस दिले होते. खोली फुकट, खाणंपिणं ज्याचं त्याने. वर साहेब स्वतः सहकुटुंब शेजारच्याच खोलीत! पकडले गेलो तर साहेबांसमोर बाबांची मान खाली जाणार, मायाला धास्ती होती ती एवढीच.

आणि तो सम्यक काही पाठ सोडेना. आधी आला, "टॉवेल हवेत?" अर्ध्या तासाने, "गीझर चालतोय ना?" संध्याकाळी पुन्हा टकटक, "एसीचा रिमोट बघायचा होता..."

"हा मेला चोरासारखा का घुटमळतोय?" आई पुटपुटली.

"चोर आपण आहोत, आई!"

नक्की पाळत ठेवतोय. डोळे मात्र छान आहेत मेल्याचे... हा विचार मायाने तिथल्या तिथे दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा साहेबांबरोबर फिरायला गेले आणि आईने कहर केला. खोलीतली इस्त्री दोन डब्यांच्या मध्ये उलटी टेकवली आणि तिच्यावर बोंबील भाजायला घेतले! वास काय लपतोय? बाहेर साहेबांच्या बाईसाहेब ओरडल्या, "ये कैसी बदबू है?" मॅनेजरचे बूट वाजले. आणि दारावर टकटक.

सम्यक! त्याने इस्त्री पाहिली, बोंबील पाहिले.

"द्या इकडे."

मायाने त्याचं मनगटच धरलं. "प्लीज... बाबांच्या साहेबांना कळू देऊ नका."

त्याने मनगट सोडवलं, बोंबील ताटलीत काढले. ताटली घेऊन तो बाहेर गेला. संपलं सगळं! माया दाराला कान लावून उभी राहिली.

"सॉरी सर. माझ्या डब्यातले बोंबील आहेत. मीच भाजले."

मॅनेजरने त्याला सगळ्यांदेखत झापझाप झापलं आणि उन्हात लहान मुलांचा रिकामा स्विमिंग पूल घासायला पाठवलं. आपण ज्याच्यावर संशय घेत होतो त्यानेच आपल्याला वाचवलं! मायाला स्वतःचीच लाज वाटली.

दुपारी ती थर्मास घेऊन पुलाच्या काठावर बसली.

"का केलंत असं?"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो ब्रश मारत होता. "काल तुमचे बाबा मला सांगत होते, अंबरनाथहून आलोय, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा हॉटेलात राहतोय म्हणून. इतके खुशीत होते..."

मायाने थर्मासचं झाकण फिरवलं. "आणि ते बोंबील?"

"खाल्ले. पुरावा ठेवतात का कोणी?"

"पण तुम्हाला पहिल्यापासून संशय होता ना आमच्यावर?"

"संशय कसला? गेटवरच ठेच्याचा वास आला होता."

"मग तीन-तीनदा दार का वाजवलंत?"

ब्रश थांबला. त्याचे कान लालबुंद झाले. "टॉवेल... गीझर... रिमोट. एवढंच सुचलं हो. चौथं काही सुचेना..."

माया खळखळून हसली. आवडला होता तिला हा वेडा, अगदी मनापासून आवडला होता! तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला.

"राहता कुठे?"

"सोनिवली. अंबरनाथ सायकलने तासभर."

"मी विचारलं का अंबरनाथ किती लांब?"

"नाही... पण मी विचारून ठेवलंय."

आता कान लाल व्हायची पाळी मायाची होती.

"रविवारी या मग," ती हळूच म्हणाली. "येताना खायला काहीतरी आणा. आमच्या दारावर पाटी नाहीये. आणि दार वाजवायला टॉवेल-बिवेल शोधू नका."