बारा बाइट साखर

महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत गाडीच्या डॅशबोर्डचा स्क्रीन चालवणारे बोर्ड बनतात. चावी फिरवली की सगळ्यात आधी जागा होतो तो कर्नल, म्हणजे गाभ्याचा प्रोग्राम. त्याची सुरुवात मी लिहिते. वीज येताच मेमरीत असेल नसेल तो कचरा पुसायचा, सगळीकडे शून्य भरायचं, मगच पुढचं. न पुसता वापरली, तर कर्नल कचऱ्यालाच खरं मानतो आणि स्क्रीन काळा पडतो. मी चोख पुसत होते. तरी चाळीस-पन्नास वेळांत एकदा काळा पडायचाच मेला!

बारा वाजता गिऱ्हाईक कंपनीचे लोक येणार होते. त्याआधी बोर्ड सलग शंभर वेळा सुरू व्हायला हवा होता. नाही झाला तर आमची सहाजणांची लॅब बंद. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या नवनाथच्या मुलीला नुकताच इथल्या शाळेत प्रवेश मिळालेला, आणि त्याला परत बीड दिसत होतं.

सकाळी सातलाच शालनबाई चहा घेऊन आल्या. त्या इथल्याच, जुन्या गावच्या. "तोंड का उतरलंय गं?"

"मावशी, भांडं घासून रिकामं करून देते, तरी रुसतंय."

"रिकामं? कुणाचं भांडं रिकामं परत करत्यात व्हय? चार दाणं साखर तरी ठिव."

नवनाथ खो खो हसला. "टाक की तनुजा, काय बिघडायलंय?"

मलाही चेव आला. मेमरी पुसून झाली की तिच्या शेवटच्या पानात, म्हणजे अगदी टोकाच्या तुकड्यात, 'साखर' लिहायचं, अशी ओळ घातली. काना धरून चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, बरोब्बर बारा.

टेस्ट लावली. मिनिटभर बंद, मग सुरू. साडेअकरापर्यंत शंभर झाले आणि एकदाही स्क्रीन काळा नाही! आम्ही अक्षरशः नाचलो.

मग मी नोंदी उघडल्या. पुसण्याआधी ते पान कसं होतं, हे दर वेळी नोंदलं जातं. मिनिटभर वीज नसेल तर मेमरी सगळं विसरते. तिथे कचराच दिसायला हवा होता.

दुसऱ्या वेळी तिथे होतं 'साख'.

तिसऱ्या वेळी 'सा'.

चौथ्यापासून पुढे निव्वळ शून्य. आणि पुसायला अजून सुरुवातही झालेली नव्हती.

"कुणी खातंय काय, राव?" नवनाथ म्हणाला. हसला, पण थोडंच.

पाहुणे आले. त्यांनी स्वतःचा बोर्ड आणला होता, सीलबंद पाकिटातला, एकदाही वीज न लागलेला. आमचा प्रोग्राम चढवला, बटण दाबलं. स्क्रीन लख्ख उजळला. हस्तांदोलनं झाली, लॅब राहिली. नवनाथनं घरी फोन लावला आणि रडलाच. मला इतका आनंद झाला की मी शालनबाईंना मिठीच मारली.

मग त्या कोऱ्या बोर्डाची पहिली नोंद उघडली. पुसण्याआधीची.

शेवटच्या पानात लिहिलं होतं:

'पोचलं. सगळ्यांना पुरलं नाही.'