आईच्या आवाजाचा मणी

"मॅडम, हा मणी कानामागे असताना आईशी भांडता येतं का?"

प्रश्न मनवाचा नव्हताच मुळी. तो तिच्या मैत्रिणीचा, तहूराचा होता, आणि "विचारून दाखव, मग तुला मानलं!" अशी पैज मागच्या बाकावर लागली होती. मनवा म्हेत्रे म्हणजे पूर्वी हजेरीला नुसतं 'हजर' म्हणतानाही घामाघूम होणारी मुलगी. आता तीच सगळ्या दहावीच्या वर्गासमोर उठून उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारून मोकळी झाली. वर्ग फिस्सकन हसला.

मण्यांच्या तपासणीसाठी शाळेत आलेल्या डॉ. शैला उपासे मात्र हसल्या नाहीत. सकाळपासून मुलांचे मणी तपासून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांनी मनवाला मधल्या सुट्टीत थांबायला सांगितलं.

इचलकरंजीतल्या त्या शाळेत आता निम्म्या मुलांच्या कानामागे शांतमणी असायचा. मसुरीएवढा, कातडीच्याच रंगाचा. नाडी, श्वास आणि घाम यांवरून त्याला कळायचं की घाबरण्याचा झटका वर चढतोय. मग तो ठरलेले दोन शब्द हळूच बोलायचा. संमोहनाच्या बैठकांमध्ये मनाला आधीच सवय लावलेली असायची, की हे शब्द या आवाजात ऐकले की हलक्या तंद्रीत जायचं. धडधड उतरायची, हातांची थरथर थांबायची. आवाज फक्त अगदी विश्वासाच्या माणसाचा लागायचा. मनवाने आईचा दिला होता.

"आईशी शेवटची कधी भांडलीस?" उपासे मॅडमनी विचारलं.

"आठवत नाही."

"भांडण होत नाही, की झालेलं आठवत नाही?"

मनवा विचारात पडली. "मी पुण्याला होस्टेलवर राहून शिकायचं म्हणते. आई नको म्हणते. मला राग येतो. आणि मग... मग एकदम जेवणं उरकलेली असतात."

"तुझे शब्द कोणते?"

"झालं, झालं."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "हे कुणी निवडले गं?"

"कुणीच नाही. आईला तुमचा छापील मजकूर बोलताच येईना. 'निळं तळं, निळं तळं' म्हणताना तिला हसूच फुटायचं. मग ती रडायला लागली. आणि मी लहानपणी पडले की जे म्हणायची, तेच म्हणाली. माझी नाडी लगेच उतरली. रेकॉर्डिंगवाले दादा म्हणाले, हेच ठेवू, बेस्ट आहे."

"घरात रोज तोंडी येणारे शब्द घ्यायचे नाहीत, हा पहिला नियम! मणी नुसती आठवण करून देतो. तंद्री लावतं ते तुझं मन. आई समोर बसून म्हणाली तरी लागणारच."

"मग मणी काढून फेकते!"

"त्याने काही होणार नाही. पुन्हा बैठका घेऊन ते शब्द तुझ्या मनातून सोडवून घ्यावे लागतील. नवे शब्द मुरेपर्यंत झटके परत येतील, तेही दहावीच्या वर्षात. आणि..." मॅडम जरा अडखळल्या. "एकदा सोडवले की ते नुसते शब्द उरतील. लहानपणची माया त्यात राहील की नाही, मी सांगू शकत नाही. तुला हवं असेल तर सोमवारी ये."

मनवा पाय ओढत घरी गेली. हल्ली ती सतत दमलेली असायची. प्रत्येक तंद्रीनंतर अंगावर ओलं घोंगडं टाकल्यासारखं वाटायचं. तिला वाटायचं, हीच ती शांतता. एवढं जड तर असणारच.

पप्पा यंत्रमागाच्या शेडमधून आले होते. आई पानं वाढत होती. मनवाने मणी काढून मुठीत घेतला आणि घास घेण्याआधीच म्हणाली, "आई, पुण्याचं आज ठरवू या."

"अगं, आल्या आल्या काय सुरू केलंस? झालं, झालं. जेव आधी."

आणि ताट रिकामं होतं. बोटांना आमटी लागलेली. भाताची चवसुद्धा आठवत नव्हती.

"आज पोरगी पोटभर जेवली," पप्पा म्हणाले. आईने मान वर केली नाही. ती पुसलेलीच जागा पुन्हा पुसत होती.

"आई, तुला ठाऊक आहे ना? तू म्हटलंस की माझं काय होतं ते?"

आईचा हात थांबला. "पहिल्यांदा चुकून तोंडातून गेलं. तू चिडून नुसती थरथरत होतीस, आणि एकदम गप्प झालीस. त्या दिवशी मी किती दिवसांनी सलग झोपले, मनवा. झटका आला की तुझ्या छातीवर हात ठेवून बसायचं, आणि उजाडलं की डब्यांच्या स्वयंपाकाला लागायचं. दमले गं मी."

"आणि पुण्यात झटका आला तर कोण बसणार उशाशी?" पप्पांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तोही थकलेलाच.

मनवाच्या छातीत ठोके वाढले. हा झटका की राग? कितीतरी दिवसांत दोन्ही पूर्ण येऊच दिले नव्हते, त्यामुळे ओळख पटेना. आईचे ओठ पुन्हा हलणार, हे मात्र तिला दिसत होतं. खुंटीवर पप्पांचा शर्ट होता. मागांच्या खडखडाटात ते कानात फोमचे बोळे घालायचे. तिने खिशातून ते काढले आणि दोन्ही कानांत दाबून बसवले.

भांड्यांचा आवाज गेला. पंखा गेला. उरला फक्त स्वतःचा श्वास, तोही केवढा मोठा!

आई घाईघाईने जवळ आली. तिचे ओठ हलले, एकदा, मग पुन्हा तसेच. मनवाला ते शब्द वाचता आले. पण तिचे डोळे मिटले नाहीत.

"मला काहीही ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. आपण किती मोठ्याने बोलतोय, हे तिला कळत नव्हतं. पप्पा दचकले, त्यावरून अंदाज आला. "त्यामुळे आता फक्त मीच बोलणार. सोमवारी मी ते शब्द सोडवून घेणार आहे. झटके परत येतील, मला माहीत आहे. मला भीती वाटतेय. आई, तू दमली असशील तर झोप, मी एकटी बसून बघेन. पण पुण्याचं जे ठरेल ते मी जागी असताना ठरेल, मग ते 'नाही' ठरलं तरी चालेल. आणि सोमवारपर्यंत मी कानांत बोळे घालून हिंडणार नाहीये. हे बघ, काढते आता. आई, काय म्हणणार आहेस?"