एकदाच खणायचं

माझ्या माणसांनी पहिली कुदळ मारली तेव्हा तो मोटारसायकलवरून उतरला, हेल्मेट काढलं आणि नुसता बघत राहिला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

“काल दुपारी संपवलाय हा रस्ता,” तो म्हणाला. “अजून डांबराचा वास येतोय.”

“खालची पाइपलाइन फुटलीय. पलीकडच्या दवाखान्याला सकाळपासून पाणी नाही.”

“तुम्ही पाणीपुरवठ्याच्या?”

“हो. तुम्ही रस्तेविभागाचे?”

“होतो… काल दुपारपर्यंत.”

मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. बोलता बोलता निघालं, आम्ही एकाच इमारतीत बसत होतो – मी दुसऱ्या मजल्यावर, तो तिसऱ्या. तीन वर्षांत एकदाही समोरासमोर आलो नव्हतो.

समोरच्या घरातून शिंपीणकाकू बाहेर आल्या. गेल्या वर्षी अशाच एका खड्ड्यात पडून त्यांचं मनगट मोडलं होतं आणि चार महिने शिवणयंत्र बंद होतं. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं असावं.

“एका जिन्यानं चढता-उतरता, मग एकमेकांशी बोलत का नाही?” त्यांनी शांतपणे विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो नकाशाची गुंडाळी घेऊन माझ्या टेबलाशी आला. त्याचा रस्त्यांचा नकाशा आणि माझा नळांचा, आम्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. उजेडात सगळं दिसलं. अकरा गल्ल्या अशा निघाल्या, जिथे एकाच वर्षात आधी तो रस्ता करणार होता आणि मागाहून मी तो फोडणार होते. कागद घसरला, दोघांनी एकदमच सावरायला हात पुढे केले. त्यानं हात काढून घेतला… पण जरा सावकाश.

मग दर गुरुवारी बैठक ठरली. गटारवाले आले, केबलवाले कुरकुरत आले. ठरलं ते एवढंच – एकदाच खणायचं. आधी गटार, मग पाणी, मग केबल, शेवटी रस्ता. सुरुवात काकूंच्याच गल्लीपासून, कारण तिथली पाइपलाइन जुनी होती; त्या दिवशी आम्ही तिला नुसतं ठिगळ लावलं होतं.

“पुन्हा?” गल्लीतली माणसं दारं लोटून घेऊ लागली. तेव्हा तो घरोघर गेला. प्रत्येक दारापुढे फळी टाकून घेतली, स्वतःचा फोन नंबर दिला. मी त्याच्याबरोबर हिंडायचे. कामासाठीच. निदान घरी तरी मी तसंच सांगत होते.

“तुम्हाला सगळ्यांची नावं पाठ कशी होतात?” मी एकदा विचारलं.

“होत नाहीत. तुमचं मात्र पहिल्याच दिवशी झालं.”

एवढं बोलून तो वाळूच्या ट्रककडे निघून गेला. मी उगीचच पाइपांचे जोड पुन्हा मोजत बसले.

नवी पाइपलाइन बुजवण्याआधी, गळती कळावी म्हणून, ती दिवसभर दाबाखाली पाण्यानं भरून ठेवावी लागते. नेमकं त्याच दिवशी मोठ्या साहेबांचं फर्मान आलं – पाहुणे येताहेत, आजच डांबर पडलं पाहिजे. त्यानं कागदावर लिहून दिलं, ‘पाणीविभागाची सही आल्याशिवाय रस्ता होणार नाही.’ खाली स्वतःची सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दारासमोरचा एक जोड झिरपताना दिसला. दुपारपर्यंत आम्ही तो बदलला. पाहुणे खडीवरूनच चालत गेले. रस्ता दोन दिवस उशिरा झाला, पण झाला तो पक्का.

आठवड्याभरात त्याच्या बदलीचा आदेश निघाला. मला कळलं ते शिपायाकडून. मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेले. तो फायलींचा गठ्ठा बांधत होता.

“सांगितलं का नाही?”

“तुम्ही स्वतःला दोष दिला असता.”

“दिलाच असता.”

“म्हणून.” त्यानं दोरी ओढली. “चार तासांवर तर आहे. शनिवारची थेट बस आहे इकडे.”

“शनिवारी इथे काय काम असणार तुमचं?”

तो थांबला. खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

“काम नाही… तुम्ही असता इथे.”

मी गठ्ठ्यावरची वरची फाइल उगीचच सरळ केली.

“मग आमच्याकडेच ये,” मी म्हटलं. “बाबांना सांगून ठेवते.”

“ये, म्हणालीस?”

“हो. आणि तू ‘म्हणालीस’ म्हणालास.”

तो हसला. दोरी हातातून सुटली, गठ्ठा तसाच अर्धवट राहिला. ऑफिस सुटून शिपाई पंखे बंद करून गेला होता, हे आम्हाला बऱ्याच वेळानं कळलं.