फेरतपासणीला न आलेले

दंतमहाविद्यालयाच्या पुरावा-प्रयोगशाळेत केळुसकर मॅडमचा एकच हट्ट असे. यंत्र काहीही सांगो, विद्यार्थ्यानं मागे मागे जात त्या पहिल्या माणसापर्यंत पोचायचं, ज्याच्या तोंडात औषध खरोखर घातलं गेलं. पोरं वैतागायची. पुरावायंत्र जगभरचे शोधनिबंध चाळून क्षणात निकाल देतंय, मग ही उठाठेव हवी कशाला?

हुमेरा मुजावर मात्र चिकाटीची. तिनं अभ्यासाला अंकुरलेप घेतला होता. पडलेल्या दाताच्या जागी तो लावला की जबड्यातून नवा दात उगवतो, आणि यंत्राच्या मते त्याचा पुरावा भक्कम होता. त्याच भरवशावर तिनं गावाकडून अब्बांना बोलावून मागच्या आठवड्यात इथंच लेप लावून घेतला होता.

"मॅडम, माणूसच सापडत नाही," ती म्हणाली. "सगळ्या चाचण्या प्रतिरुग्णांवर झाल्यात."

प्रतिरुग्ण म्हणजे खऱ्या रुग्णांच्या नोंदींवरून यंत्रानं घडवलेली माणसं. ती आजारी पडतात, बरी होतात, मरतातसुद्धा, पण सगळं गणितात.

"असू देत की. मूळ नोंदी खऱ्या असल्या म्हणजे झालं. कुठल्या आहेत?"

"आपल्याच ओपीडीतल्या. लेप पहिल्यांदा इथंच दिला होता."

मॅडमनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. त्या पहिल्या रुग्णांत त्यांचे यजमान होते. लेपानंतर श्रीधरचा जबडा सुजला, पू मानेत उतरला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. लेपाचा संबंध नाही, दुसऱ्या कुणालाच हे झालेलं नाही, असं यंत्रानं तेव्हा सांगितलं होतं. आणि जन्मभर पुरावा शिकवणाऱ्या बाईनं ते मुकाट मान्य केलं होतं.

"श्रीधर केळुसकर. नोंद काढ," त्या म्हणाल्या.

पडद्यावर आलं: फेरतपासणीला आले नाहीत. बरे.

दुखायचं थांबलं की पेशंट दवाखान्याकडे फिरकत नाही, हे दंतवैद्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की जो आला नाही त्याच्या नावापुढे सगळेच डोळे झाकून 'बरा' लिहीत. यंत्र तेच शिकलं होतं.

"म्हणजे लेपानं जो गेला, तोही 'बरा'च?" हुमेरानं विचारलं.

"तो तर कधीच परत येणार नाही. जितके जास्त गेले, तितका लेपाचा पुरावा भक्कम झाला."

त्यांनी श्रीधरची तक्रार नोंदवायला घेतली. यंत्रानं ती नाकारली. ऐकीव माहिती चालणार नाही, रुग्णानं स्वतः हजर राहावं. नियम चुकीचा नव्हता. सांगोवांगीला पुरावा म्हणू नये, हे मॅडमच वर्गात बजावून सांगत.

"तुझ्या अब्बांची फेरतपासणी कधी आहे गं?"

"आज सकाळी होती. काल फोनवर म्हणाले, गाल जरा जड वाटतोय, येऊन दाखवतो." तिचा आवाज बारीक झाला. "एसटी चुकली असेल."

ती फोन लावू लागली. मॅडमनी तेवढ्यात अब्बांची नोंद उघडली. सकाळची वेळ टळून गेली होती आणि नावापुढे यंत्रानं आपणहून लिहून टाकलं होतं: बरे.

हुमेराला दिसू नये म्हणून त्या पडद्याच्या आड येऊन उभ्या राहिल्या. पलीकडे फोन वाजत होता, उचलत कुणीच नव्हतं.