पाच कोनांचं ठिगळ

एर्मिनियो बास्कोलो परीक्षक म्हणून येणार म्हटलं, की दक्षिण किनाऱ्यावरच्या कोमोदोरो गावातल्या, विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या मॉडेल क्लबातली माणसं आदल्या दिवसापासूनच धुमसायला लागत. उत्तरेकडच्या कोर्दोबाहून तो जवळजवळ दोन हजार किलोमीटर बसमध्ये अंग आखडून यायचा. विमानांवर आयुष्य काढलेला हा माणूस विमानात मात्र कधी बसत नसे. उतरला की तोंडही न धुता थेट ‘किलोमीटर तीन’ वस्तीतल्या व्यायामशाळेत शिरायचा. डोक्याला टक्कल, कानांवर पांढरे केस, नाकावर चष्मा, खिशात भिंग, छोटी बॅटरी आणि दंतवैद्याचा असतो तसा दांडीचा आरसा. तोंडात गोड शब्द नाही. सलग नऊ वर्षं त्यालाच बोलवत होते, कारण लढाऊ विमानांचे आराखडे त्याच्याइतके कुणालाच पाठ नव्हते.

त्या नोव्हेंबरातल्या रविवारी दुपारपासून वारा सुटला होता. चेंके टेकडीवरची माती पत्र्यावर मुठीमुठीनं फेकल्यासारखी आदळत होती. आत लांब टेबलांवर निळं कापड, कापडावर ओळीनं विमानं, आणि प्रत्येक विमानामागं त्याचा धनी, आरोपीसारखा उभा.

“हा रंग म्हणायचा की वितळलेलं चीज?” पहिल्याच टेबलाशी एर्मिनियोनं विचारलं.

“आमच्याकडं याला रंग म्हणतात,” क्लबचा चिटणीस तितो गालार्सा म्हणाला. तो जाडजूड बेकरीवाला होता. टेबल त्याचंच होतं. “कोर्दोबात काय म्हणतात, ते तुम्ही चिठ्ठीवर लिहालच.”

“लिहितो की. शून्य म्हणतात.”

मागं कुणीतरी दबक्या आवाजात शिवी हासडली. एर्मिनियोनं ऐकली आणि पुढं सरकला. शिव्यांची त्याला सवय होती, किंबहुना थोडी गोडीच होती.

सातव्या टेबलाशी मात्र तो थांबला. तिथं एक पुकारा जातीचं लढाऊ विमान होतं, खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं, दोन पंख्यांचं, लांब नाकाचं. रंग अचूक. चाकांवरची धूळसुद्धा याच गावची वाटावी अशी. मागं उभी असलेली बाई सडपातळ, पासष्टीची, अंगात पुरुषी जाकीट. तिच्यापुढच्या पाटीवर नाव होतं: देल्फिना ओयार्सो.

ओयार्सो हे आडनाव वाचताना त्याची नजर अडखळली. मग त्यानं स्वतःलाच दटावलं. दक्षिणेत या आडनावाची माणसं काय थोडी असतात?

त्यानं आरसा विमानाच्या पोटाखाली सरकवला. बॅटरीचा उजेड उजव्या पंखाखालून फिरवत डाव्या पंखाखाली नेला. इंजिनाच्या जरा पलीकडं पत्र्यावर पत्रा बसवलेला दिसला. नखाएवढं ठिगळ. चौकोनीच, पण एक कोपरा तिरका छाटलेला. म्हणजे मोजले तर कोन पाच. कडेनं पत्रा जखडणारे सुईच्या टोकाएवढे रिव्हेट. त्यानं भिंग लावलं.

चौदा होते.

आरशाची दांडी टेबलाच्या कडेवर टकटकायला लागली, तेव्हा त्याला कळलं की आपला हात थरथरतोय.

“हे काय आहे?” त्यानं विचारलं.

“ठिगळ आहे.”

“ते दिसतंय मला. कुठल्या आराखड्यात आहे?”

“आराखड्यात नाही,” देल्फिना म्हणाली. “माझ्या भावाच्या विमानाला होतं.”

“कोणी सांगितलं?”

“कुणी नाही. तोच दाखवतो.”

तितोनं घसा खाकरला. “बाई दर रविवारी आमच्या सिम्युलेटरवर बसतात,” तो म्हणाला. कोपऱ्यात तीन पडदे, जुन्या व्हॅनची सीट आणि एक दांडा एवढा त्यांचा सिम्युलेटर होता. “आखातावर उडतात. म्हणतात, भाऊ आबेल त्याचं विमान घेऊन शेजारी येतो. आम्हाला काही दिसत नाही, पण आम्ही हसतही नाही. आता तुम्ही हसा.”

एर्मिनियो हसला नाही. आबेल हे नाव त्यानं अडतीस वर्षं तोंडातून काढलं नव्हतं.

१९८१ च्या मार्चात तो चोवीस वर्षांचा होता आणि याच गावात, सोतेलो नावाच्या एका खाजगी दुरुस्तीशाळेत आराखडे काढायच्या नोकरीवर होता. एका पुकाराच्या पंखाच्या पत्र्याला चीर गेली होती. चिरेवर ठिगळ हवं होतं, अठरा रिव्हेटांचं, पुऱ्या चौकोनाचं. पत्रा कमी पडला. फोरमन म्हणाला, “कोपरा छाट रे पोरा, मंगळवारी नवा पत्रा येतोय, तोवर टिकेल.” एर्मिनियोनं कोपरा छाटून आराखडा काढला. चौदा रिव्हेट. खाली सही केली. सोमवारी सकाळी लेफ्टनंट आबेल ओयार्सो ते विमान घेऊन एकटाच सरावाला गेला आणि आखातावरून परतला नाही. ना पंख सापडला, ना माणूस. कारण कळलं नाही, असा शेरा बसला. त्याच संध्याकाळी एर्मिनियोनं तो कागद दुरुस्तीशाळेच्या शेगडीत घातला. फोरमन पुढं कर्करोगानं गेला. आता जगात ते ठिगळ ठाऊक असलेला माणूस एकच उरला होता.

आणि ही बाई ते निळ्या कापडावर मांडून बसली होती.

“कुणीतरी खोडी काढलीय,” तो मोठ्यानं म्हणाला. “पडद्यावर वाट्टेल ते घालता येतं. त्या यंत्रात कुणीतरी दुसरं विमान घुसवलंय.”

“मग बसून बघा ना!” तितो भडकला. “हे बघा, इंटरनेटची तार काढली. ही माझ्या हातात. एकट्याचं उड्डाण लावलंय. आता आकाशात तुम्ही आणि तुमची घमेंड, तिसरं कुणी नाही.”

सगळे पाहत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. एर्मिनियो व्हॅनच्या सीटवर बसला. सीटला ओल्या लोकरीचा वास येत होता.

त्यानं विमान उचललं. मधल्या पडद्यावर किनारा मागं गेला, तेलाच्या टाक्या बारीक झाल्या आणि समोर करडं आखात पसरलं. इंजिनांचा आवाज छोट्या स्पीकरमधून भुंग्यासारखा येत होता. पाच मिनिटं गेली. सात गेली. पाणी, ढग, पाणी.

“कुठाय?” त्यानं मान न वळवता विचारलं. “तुमचे लेफ्टनंट चहाला गेलेत का?”

देल्फिना येऊन त्याच्या डाव्या खांद्यामागं उभी राहिली. “त्याची चेष्टा करू नका,” ती एवढंच म्हणाली.

तेव्हा त्याला पाण्यावरची सावली दिसली. त्याच्या विमानाची सावली लाटांवरून पळत होती. तिच्या जरा मागं आणखी एक होती.

एर्मिनियोनं दांडा उजवीकडं दाबला. त्याची सावली वळली. दुसरीही वळली, पण लगेच नाही. माणूस पाहून वळतो तितका उशीर करून वळली.

“तितो, हे दिसतंय का तुला?”

“काय?”

“पाण्यावर. दोन सावल्या.”

“एकच आहे,” तितो म्हणाला. त्याच्या आवाजातली भांडणाची धार गेली होती.

डाव्या पडद्याच्या कडेतून एक लांब नाक पुढं आलं. मग पंखा. मग काचेचं झाकण, त्याच्या आत हेल्मेट घातलेलं डोकं, समोर बघणारं. विमान इतकं जवळ होतं, की पंखाच्या टोकाचा दिवा पुसट झालेला दिसत होता. पत्र्यावर मीठ चढलं होतं. पंखाच्या सांध्यांतून शेवाळाचे दोरे लोंबत होते आणि वाऱ्यानं मागं ताणले गेले होते. असलं चित्र कुठल्याच यंत्रात कुणी घालत नाही, हे एर्मिनियोला पक्कं ठाऊक होतं.

“आता वर जाईल,” देल्फिना हळूच म्हणाली. “आडवा होईल.”

विमान वर गेलं. आडवं झालं. पोट दाखवत ते सावकाश त्याच्या डोक्यावरून सरकलं. डाव्या पंखाखाली ठिगळ होतं. छाटलेला कोपरा. त्याच्याच हातची तिरकी रेघ.

मग एक रिव्हेट उडाला.

त्याला तो आवाज स्पीकरमधून आला नाही. दातांत आला.

दुसरा उडाला. तिसरा. तो मोजत होता. मोजणं थांबवता येत नव्हतं.

चौदावा गेला तसा पत्रा उघडला, आणि विमान पडलं नाही. ते तसंच, उघड्या पंखानं, पुन्हा त्याच्या डाव्या बाजूला खाली आलं. बरोबरीनं उडू लागलं.

हेल्मेटातलं डोकं त्याच्याकडं वळलं.

“कधीच नाही,” देल्फिना पुटपुटली. “माझ्याकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.”

एर्मिनियोनं दोन्ही हातांनी मुख्य तार ओढून काढली. तिन्ही पडदे काळे झाले. वारा पत्र्यावर माती फेकत होता. क्लबातली माणसं त्याच्याकडं बघत होती. वर्षानुवर्षं ज्याचा राग केला, त्याची कीव येऊ लागली की माणसं बघतात, तशी.

देल्फिना त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “तुम्हाला ते ठिगळ माहीत आहे,” ती म्हणाली.

“नाही.”

“आरशात दिसलं तेव्हा तुमचा हात कापला. मी पाहिलंय. साहेब, मी फक्त विचारतेय. मी म्हातारी बाई आहे, तुम्हाला काय करणार मी? एकदा खरं सांगा. त्याला काय झालं?”

सांगण्यासारखा तो क्षण होता. नंतर एर्मिनियोला ते अनेकदा वाटलं. शब्द जिभेवर आलेही होते. पण भोवती तितो होता, शून्य मिळालेली माणसं होती, नऊ वर्षांचा नावलौकिक होता.

त्यानं खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. देल्फिनाच्या नावापुढं लिहिलं, ‘काल्पनिक तपशील. नोंदींशी जुळत नाही. बाद.’ खाली सही केली. चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली.

तिनं ती वाचली. ओरडली नाही, रडली नाही. नीट घडी घालून जाकिटाच्या खिशात ठेवली. “बरं,” ती म्हणाली. “मग आता त्याचं तो बघेल.”

एर्मिनियो त्याच संध्याकाळच्या बसनं कोर्दोबाला परतला. क्लबाला कळवलं, की प्रकृतीमुळं पुढच्या वर्षी जमणार नाही. डिसेंबर सरळ गेला. झोप नीट लागे, जेवण जाई. घरी तो एकटाच असे. त्यानं भिंतीवरचे विमानांचे आराखडे उतरवले, गुंडाळ्या केल्या आणि गॅरेजात टाकल्या. झालं ते डोळ्यांचा भास होता, बसचा शीण होता, असं तो स्वतःला समजावत राहिला आणि हळूहळू ते त्याला पटलंही.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी, गल्ली उन्हानं सामसूम झालेली असताना, फोन वाजला.

“देल्फिना ओयार्सो बोलतेय.”

“नंबर कोणी दिला तुम्हाला?”

“तितोनं. भांडायला नाही केला फोन. एवढंच विचारायचंय, तुम्ही आत्ता घरी आहात ना?”

“म्हणजे काय? घरीच आहे. माझ्याच घरात उभा आहे.”

“तसं वाटलंच मला.” तिच्या मागं वारा आणि भुंग्यासारखा बारीक आवाज येत होता. “पुकारात दोन जागा असतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. आबेलच्या मागची जागा रिकामी असायची. आज त्यात कुणीतरी आहे.”

एर्मिनियोनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

“हेल्मेट नाही घातलेलं. टक्कल आहे, कानावर पांढरे केस. चष्मा आहे. तोंड उघडतोय, पण आवाज येत नाही इकडं.”

“फोन ठेवतो मी.”

“ठेवा. पण तो फार घाबरलाय हो साहेब. आतून काच बडवतोय. मुठींनी. थांबतच नाही.”

“त्याला… त्याला सोडायला सांगा,” एर्मिनियोच्या तोंडून निघून गेलं. “तुमचं ऐकेल तो. देल्फिनाबाई, मी सांगतो सगळं, सगळं सांगतो!”

“आता मला नाही ऐकायचं,” ती शांतपणे म्हणाली, आणि फोन बंद झाला.

तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन ठेवायला गेला, तर बोटं पटकन उघडेनात. आज जाग आल्यापासून हात ठणकत होते. म्हातारपण, असं म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. आता त्यानं ते खिडकीतल्या उन्हात धरले. दोन्ही मुठींची पेरं सुजून काळीनिळी झाली होती आणि फुटलेल्या कातडीच्या कडांवर मिठाचे बारीक पांढरे कण वाळत होते.