क्रौंचाच्या गुडघ्याइतके पाणी

कित्येक हिवाळे पाठ फिरवलेले क्रौंच दिग्रसजवळच्या धरणावर पुन्हा उतरल्याची वार्ता आली, आणि त्यांना डोळे भरून पाहण्यासाठी अर्पिता आपल्या दोन सोबत्यांसह धरणाच्या ओसाड काठाने निघाली.

निमित्त होते स्पर्धेचे: दोन गटांपैकी कोण जास्त पक्षी खात्रीने ओळखतो. पक्षिमित्रांची पौषातली ही स्पर्धा तशी घरगुती होती. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना हुरडा खाऊ घालायचा, एवढेच बक्षीस. नियम मात्र कडक. फोन गाडीत ठेवायचे, कारण त्यावर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना फसवता येते. आणि बसलेला थवा उठवायचा नाही. उठवणारा बाद! दूरवरून आलेल्या पाखरांना पहिल्याच मुक्कामी भय दिसले, तर ती जागा त्यांच्या मनातून कायमची पुसली जाते, असे अर्पिताच सर्वांना सांगत असे.

सोबत जुनेद होता. बसस्थानकामागे त्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान. आणि एसटीतून निवृत्त झालेले वाहक फुलसिंगकाका, जे बगळ्यांनाही ‘पुढे सरका’ म्हणत. बेशरमीच्या झुडपांनी वाट अडवली, बाभळींनी बाह्या फाडल्या, एका ओढ्याने चपला नेल्या. दुपार कलताना तिघे एका निमुळत्या टोकाशी पोहोचले, आणि समोर, उतरत्या उन्हाच्या झळाळीत, उंच, काळ्या, निःशब्द आकृत्या उभ्या दिसल्या. जणू पाण्यानेच उभे राहून कुणाची तरी वाट पाहावी.

पण सूर्य डोळ्यांत होता. क्रौंच की दुसरेच कुणी, हे शपथेवर सांगता येईना. मधल्या उथळ पाण्यातून पलीकडच्या उंचवट्यावर गेले तर ऊन पाठीशी आले असते. ह्या मंडळींची एक जुनी सवय होती: पाण्याची खोली ती पाखरांच्या पायांवरून ठरवत. जुनेदने दुर्बीण लावली.

“गुडघेबी बुडले नाहीत त्यायचे,” तो म्हणाला. “मी पुढं जातो, ताई. तुमी मंग या.”

अर्पिताने होकारार्थी मान हलवली. तीच चूक! पाय पाण्याची खोली सांगतो. तळातला गाळ काय पेलेल, ते सांगत नाही. पाखरांची हाडे पोकळ असतात. जुनेदची नव्हती.

चार पावले नीट पडली. पाचवे परत आले नाही.

तो मांडीपर्यंत रुतला. सुटण्यासाठी वळला, तो कमरेपर्यंत गेला! अर्पिता धावली, तिचाही पाय घोट्यापर्यंत गिळला गेला. काकांनी तिला काखेत धरून मागे ओढले. तिने ओढणी फेकली, ती जुनेदच्या हाती आली. दोघांनी जीव खाऊन ओढले. ओढणी फाटली! दुर्बिणीची तिवई लांब काठीने त्याच्यापर्यंत सरकवली. ती छातीखाली आडवी धरून तो तरंगल्यासारखा टेकला, पण पाणी आता काखांना लागले होते आणि वारा बोचरा होता.

पलीकडच्या काठावर प्रतिस्पर्धी बसले होते, बेबीताई आणि नयन. त्यांच्याजवळ मासेमारांचा थर्माकोलचा तराफाही दिसत होता. अर्पिता आणि काकांनी हाका मारल्या. वाऱ्याने त्या तोंडावरच फेकल्या. काकांनी शर्ट काढून हलवला. तिकडून नयननेही आनंदाने दुपट्टा हलवला. स्पर्धेत एकमेकांना असे चिडवण्याची रीतच होती. काकांनी पुन्हा हलवला. नयननेही.

“हे पोट्टं मले टाटा करून राह्यलं,” काका पुटपुटले, आणि शर्ट हलवतच राहिले.

जुनेदचे दात वाजत होते. मग ते वाजेनासे झाले, आणि अर्पिताला त्याचीच अधिक धास्ती वाटली. मदत डोळ्यांसमोर होती, हसत होती, हात हलवत होती. आणि तरी ताऱ्याइतकी दूर होती. तिने उथळ पाण्यातल्या थव्याकडे पाहिले. एक पाखरू मान वळवून निर्धास्तपणे पंख साफ करत होते.

तिने दगड उचलला.

फेकला! दुसरा! तिसरा! किंचाळत, हात उडवत ती काठाने थव्यावर धावून गेली. सगळे पाणी एकदम पंखांचे झाले. क्रौंचांच्याच कर्कश, दुखावलेल्या आरोळ्यांनी आभाळ चिरले, आणि पलीकडचा दुपट्टा जागच्या जागी थांबला.

मग बेबीताई तराफ्याकडे धावताना दिसल्या.

त्या आणि नयन तराफा वल्हवत आले. तो आडवा लावून, त्यावर पालथे पडून, बेबीताई, अर्पिता आणि काका अशा तिघांनी जुनेदला हळूहळू उपसले. गाळाने त्याला सोडताना एक ओंगळ सुस्कारा टाकला. काठावर काकांनी आपला कोरडा शर्ट त्याला चढवला. बेबीताई त्याचे तळवे चोळत होत्या.

“तू थवा उठवला ना, अर्पिता, तवाच समजलं,” त्या म्हणाल्या, “का इकडं कोनीतरी मरून राह्यलं.”

वर क्रौंच अजून घिरट्या घालत होते. दमलेली पाखरे खाली पाहत होती; काठावरचे सारे स्तब्ध राहिले असते, तर कदाचित उतरलीही असती. नयनने शेतातून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा आणला होता. त्याने काडेपेटी हातात धरली, आभाळाकडे पाहिले, आणि तो थांबला. जुनेदचे ओठ निळे पडले होते.

अर्पिताने काडेपेटी त्याच्या हातून घेतली आणि काडी ओढली.

जाळ उंच गेला. वरची रांग विस्कटली, पुन्हा जुळली आणि दक्षिणेकडे वळली. आवाज बराच वेळ येत राहिला.

“आता कुठं जातीन ते?” जुनेदने विचारले.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “हात जवळ घे.”