यादी मिळणार नाही

"या शंकासुराला एकदा समोर बसवून विचारायचंय मला!" झेरॉक्सच्या दुकानात कागद लावता लावता ती पुटपुटली. पुटपुटली, पण चांगली मोठ्यानं. "म्हणे संस्थेचा खरा मालक कोण! अहो, मालकच नाही. नऊ विश्वस्त आहेत, त्यातले बैठकीला चारच येतात."

शेजारचा तरुण कसनुसा हसला. "विचारा."

"काय?"

"समोरच आहे मी. बँकेची ती प्रश्नावली... मीच पाठवलीय."

तिचे कान तापले. बाहेर भुरभुर पाऊस, दुकानाची पायरी अरुंद... पळायचीही सोय नव्हती. मग तिनं पदर खोचल्यासारखे कागदच काखेत खोचले.

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन फोन, एवढीच तिची संस्था. घरात मार खाणाऱ्या, कामावर छळ सोसणाऱ्या बायका नाव बाहेर जाणार नाही या भरवशावर तिथं फोन करायच्या. त्यांना सल्ला मिळायचा, वकील मिळायचा. संस्थांच्या आडून काळा पैसा फिरतो म्हणून नियम कडक झाले, बँका धास्तावल्या आणि हिचं खातं गोठलं. ते सुरू करायला बँकेला फोन करणाऱ्या सगळ्या बायकांची यादी हवी होती, नाव-पत्त्यांसकट. नाहीतर महिनाअखेरीला तिन्ही फोन बंद पडणार होते.

"यादी मिळणार नाही," ती म्हणाली.

"मग खातं—"

"नियम वाचलाय का तुम्ही? अख्खा?"

"त्याचाच पगार घेतो."

"मग सातवं पान काढा. जोखमीच्या प्रमाणात चौकशी करा, एवढंच लिहिलंय. यादी ही तुमच्या बँकेची हौस आहे."

त्यानं पान घेतलं. तिथंच, ओल्या पायरीवर, शेवटपर्यंत वाचलं. "हौस नाही," तो हळूच म्हणाला, "भीती आहे. लहान संस्था तपासत बसण्यापेक्षा बंद केलेली सोपी पडते."

"आणि माझ्या बायकांनी कुणाला भ्यायचं? नवऱ्याला की तुम्हाला?"

त्यानं पान तिच्या हातात परत दिलं. ओढूनताणून सारवासारव केली नाही. तेवढं मात्र तिला आवडलं... उगाचच.

मग तो स्वतः पाहणीला आला. एकदा, दोनदा, तीनदा. फोन वाजला की न सांगता उठायचा आणि जिन्यात जाऊन उभा राहायचा, पलीकडचा आवाज कानावर पडू नये म्हणून.

"हा चौकशीला येतो की चहाला?" संस्थेतल्या मोठ्या ताईंनी विचारलं. तीस वर्षं फोन उचलून त्यांचे कान भलतेच तिखट झाले होते.

"ताई!"

"मी आपली नोंद ठेवतेय."

तो निघाल्यावर तिनं त्याला जिन्यात गाठलं. "किती जोखमीचे आहोत आम्ही?"

"संस्था? अगदीच कमी."

"आणि मी?"

तो दोन पायऱ्या चुकला. "ती... चौकशी चालू आहे."

महिना संपायला पाच दिवस होते, तेव्हा त्याचा फोन आला. "तुमची फाइल मी सोडलीय. आता ती वरच्या मॅडमकडे गेली."

"आत्ता? पाच दिवस राहिलेत!"

"माहीत आहे."

"का सोडलीत?"

"आत्ता नाही सांगता येणार."

"मग नकाच सांगू." तिनं फोन आपटला. डोळे भरून आले, पण रडत बसायला सवड कुठं होती?

मॅडमच्या दाराबाहेरच्या बाकावर ती तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी आत बोलावलं.

"यादी?" मॅडमनी मान वर न करता विचारलं.

"मिळणार नाही. देणगीदार तपासा, खर्च तपासा, मला उभं करून काय हवं ते विचारा. पण एक नाव बाहेर गेलं, तर एखादीचा जीव जाईल."

"आणि आम्ही खातं बंद केलं तर?"

"रस्त्याच्या कडेला टेबल टाकून बसेन. यादी तिथंही मिळणार नाही."

मॅडमनी चष्मा काढला. "यादीची गरज नाही, असं आधीच्या अधिकाऱ्यानंही लिहिलंय. पण त्याचा शब्द मला तसाच घेता येईना, म्हणून सगळं नव्यानं तपासलं." फाइल मिटली. "त्याचं बरोबर आहे. उद्या खातं सुरू होईल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. आत न येता जिन्यातच थांबला. केस भिजलेले, हात रिकामे.

"आता बोला," ती दारातून म्हणाली.

"ग्राहकाशी जवळीक असली तर फाइल सोडावी लागते. लेखी कळवून. मी कळवलं."

"कसली जवळीक?"

"संबंधाचं स्वरूप विचारलं होतं..." त्यानं कठड्याकडे बघत सांगितलं. "मी 'एकतर्फी' लिहिलं."

तिनं मागचं दार ओढून घेतलं. "आणि हे मला त्या दिवशी सांगता येत नव्हतं?"

"तुमचं खातं अडकलेलं होतं. तेव्हा विचारलं असतं तर 'नाही' म्हणायला जीभ रेटली असती तुमची? आज रेटेल. म्हणून आज आलो."

ती एक पायरी उतरली. मग आणखी एक.

"बँकेला खोटं लिहून दिलंत तुम्ही."

"खोटं?"

"एकतर्फी कोण म्हणालं?" तिनं त्याच्या नजरेला नजर दिली आणि ती हलू दिली नाही. "उद्या सकाळी जा... आणि दुरुस्त करून या."